सोसण्याच्या पलीकडे

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपल्या घराघरांत इतकी मुरली आहे की तिच्याकडे पुन्हा वळून कुणी पाहत नाही. कुणाचा धंदा बुडतो, कुणाचे मूल जाते, कुणाचा संसार मोडतो आणि सांत्वनाला आलेली माणसे याच म्हणीचा आधार घेतात. सांगणाऱ्यांच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण टाकी चालवणाऱ्या हाताच्या मागे शिल्पकार असतो. मूर्ती त्याच्या डोळ्यांपुढे असते आणि कुठे थांबायचे हे त्याला कळते. माणसाच्या वाट्याला येणाऱ्या बहुतेक दुःखांमागे असा कुणी शिल्पकार नसतो. दुष्काळ, आजार आणि अपमान यांना थांबायचे भान नसते. म्हणून दुःखाने माणूस मोठा होतो असे म्हणण्याआधी काही प्रश्न विचारायला हवेत. ते दुःख कोणते होते? ते आले कुठून? ते सोसणाऱ्याजवळ कोण बसले होते? आणि ते संपवण्यासाठी काय केले गेले? पुढची सगळी प्रकरणे या प्रश्नांभोवती लिहिलेली आहेत.

हा विचार येवल्यापासून सुरू करण्याला कारण आहे. नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातले, मनमाड–दौंड रेल्वेमार्गावरचे हे गाव बाहेरच्या माणसाला पैठणीमुळे ठाऊक असते. इथे माग हा घराचाच भाग असतो आणि एका पैठणीमागे अनेकदा सगळे कुटुंब राबते. तात्या टोपे यांचे जन्मगाव म्हणूनही येवल्याचे नाव घेतले जाते. तालुका अवर्षणप्रवण, त्यामुळे पाण्याची वाट पाहणे इथल्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेले. पण या पुस्तकाला येवला हवे आहे ते १३ ऑक्टोबर १९३५ या एका दिवसासाठी. त्या दिवशी इथे भरलेल्या मुंबई इलाखा दलित वर्ग परिषदेत सुमारे दहा हजार माणसांसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जाहीर केले की, हिंदू म्हणून जन्मलो हे आपल्या हातात नव्हते, परंतु हिंदू म्हणून मरणार नाही. आज येवल्यात ती जागा मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते आणि दरवर्षी १३ ऑक्टोबरला तिथे माणसांची रीघ लागते.

या घोषणेकडे धर्मांतराच्या इतिहासातला टप्पा म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. तिच्यात आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या दृष्टीने ती या विषयाची गुरुकिल्ली आहे. दुःखाचे दोन भाग त्या एका विधानात वेगळे केले गेले. जन्माने लादलेला डाग टाळणे शक्य नव्हते. तो डाग घेऊन, अपमानाच्या त्याच अटींवर पुढे जगायचे की नाही, हे मात्र स्वतःच्या हातात होते. मोठ्या दुःखातून जाणारे माणूस पहिले काही दिवस, कधी पहिली काही वर्षे, हा फरक करू शकत नाही. सगळेच आपल्या हाताबाहेरचे वाटते, किंवा सगळा दोष आपलाच वाटतो. ज्या दिवशी हा फरक दिसू लागतो, त्या दिवशी वाढीला सुरुवात होते.

येवल्याचा तो दिवस अचानक उगवला नव्हता. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याच्या पाण्याला हात लागला, आणि त्याची शिक्षा म्हणून सत्याग्रहींना मार खावा लागला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाची सुरुवात झाली. मोठी मिरवणूक मंदिराकडे गेली, दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांवर सत्याग्रही बसले. चरित्रकार धनंजय कीर यांच्या नोंदीप्रमाणे पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली. नाशिकच्या दरवाजांवर जे घडले त्याहून कठीण ते होते जे आसपासच्या खेड्यांत घडले. मुलांना शाळेतून काढले, रस्ते बंद केले, दुकानदारांनी जिन्नस देणे थांबवले. सत्याग्रहाला न गेलेल्या म्हाताऱ्यांनी आणि लेकरांनीही त्याची किंमत मोजली. आणि हे थोडेथोडके दिवस चालले नाही, पाच वर्षे चालले.

पाच वर्षांनी हाती काय लागले? मंदिराचा दरवाजा उघडला नाही. फळावरूनच मोजायचे तर तो लढा हरला. पण ३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी या सत्याग्रहातले आपले सहकारी भाऊराव गायकवाड यांना लिहिलेल्या पत्रात वेगळा हिशेब आहे. आपल्या माणसांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा सत्याग्रह आपण उभा केला नव्हता, त्यांच्यात चेतना यावी आणि आपण कोणत्या अवस्थेत जगतो याची जाणीव व्हावी म्हणून केला होता, आणि ते काम झाले आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. उंबरठ्यावर बसलेल्या माणसाला देव भेटला नाही. पण आपल्याला अडवतो कोण, आणि का अडवतो, हे त्याला लख्ख दिसले. येवल्याच्या परिषदेने काळाराम सत्याग्रह थांबवण्याचा ठराव केला. आपली शक्ती यापुढे कुठे लावायची, हे त्या समाजाने त्या दिवशी स्वतः ठरवले.

चिकाटीचे गुणगान करताना ही गोष्ट निसटून जाते. धरून ठेवणे ही जशी ताकद आहे, तशी वेळ येताच सोडणे हीही ताकद आहे. मारणाऱ्या नवऱ्याच्या घरात वीस वर्षे काढणाऱ्या बाईची आपण सोशीक म्हणून स्तुती करतो आणि एकविसाव्या वर्षी ती बाहेर पडली की तिच्या संयमात आपल्याला खोट दिसू लागते. येवल्याच्या घोषणेनंतर देशात असेच झाले. महात्मा गांधींनी हा निर्णय दुर्दैवी म्हटला. आणखी थोडे थांबा, बदल होतो आहे, असे सांगणाऱ्यांची संख्या मोठी होती. थांबायला सांगणाऱ्यांपैकी कितीजणांनी स्वतः ते दुःख भोगले होते, हा प्रश्न तेव्हा रास्त होता आणि आजही प्रत्येक घरात तो रास्तच आहे.

आता नात्यांकडे वळू. येवल्याच्या परिषदेआधी साडेचार महिने, २७ मे १९३५ रोजी, दादरच्या राजगृहात रमाबाई आंबेडकर गेल्या. या दोन घटनांमध्ये कार्यकारणाचा धागा जोडण्याचा मोह आम्ही टाळला आहे. तसा पुरावा नाही. पण येवल्याच्या व्यासपीठावर उभा राहिलेला माणूस नुकताच आयुष्याची सोबतीण गमावून आलेला होता, हे विसरूनही चालणार नाही. या जोडप्याने चार मुले पुरली होती, तीन मुलगे आणि एक मुलगी. मुलगा राजरत्न गेल्यावर ऑगस्ट १९२६ मध्ये बाबासाहेबांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना लिहिलेले पत्र ज्याने वाचले, तो ते विसरू शकत नाही. मुले गेली आणि जगण्यातली चवच गेली, असे लिहिणारा तो बाप पुढच्याच वर्षी महाडच्या तळ्यावर उभा होता. यावरून दुःखाने त्यांना बळ दिले असे म्हणणे सोपे आहे. आम्हाला तसे वाटत नाही. दुःख होतेच, ते संपले नव्हते, आणि त्याच्यासकट ते उभे राहिले.

रमाबाईंच्या वाट्याला काय आले, हे बाबासाहेबांनी स्वतः छापून ठेवले आहे. १९२८ मध्ये 'बहिष्कृत भारत'मध्ये लिहिताना त्यांनी कबुली दिली की, आपण परदेशात असताना संसाराचा सगळा भार हिने वाहिला, परतल्यावरही विपन्नावस्थेत शेणाची टोपली डोक्यावरून आणायला ती लाजली नाही, आणि अशा पत्नीसाठी आपल्याला चोवीस तासांतून अर्धा तासही काढता आला नाही. आपल्या त्यागाची जाहिरात करणारे पुढारी पुष्कळ होते. घरातल्या बाईच्या त्यागाचे ऋण वर्तमानपत्रात मान्य करणारे किती होते? पुढे १९४० मध्ये 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रामूच्या, म्हणजे रमाबाईंच्या, स्मृतीला अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत तिच्या मनाच्या मोठेपणाबरोबर आणखी एका गोष्टीचा उल्लेख आहे. कुणी मित्र नव्हता, हाताला काही नव्हते, अशा दिवसांत आपल्याबरोबर सोसायची तिची तयारी होती.

बरोबर सोसणे, हा आमच्या मते दुःख आणि नाते यांच्यातला खरा दुवा आहे. एकाच छपराखाली दोन माणसे आपापले दुःख स्वतंत्रपणे सोसत असतील, तर ते दुःख त्यांना जवळ आणत नाही. मूल गेल्यावर कितीतरी जोडपी एकमेकांशी बोलेनाशी होतात. एक कामात बुडतो, दुसरी देवघरात बसते, आणि दोघांमध्ये हळूहळू न बोललेल्या गोष्टींची भिंत उभी राहते. जिथे दुःख बोलले जाते, दुसऱ्याने उचललेला भार पाहिला जातो आणि पाहिला असे सांगितलेही जाते, तिथे नाते खोल जाते. रमाबाईंना पंढरपूरला जायचे होते. अस्पृश्यांनी विठ्ठलाचे दर्शन दुरूनच घ्यायचे, अशी तेव्हा रीत होती. तिथे अपमानित होण्यापेक्षा आपल्या सदाचाराने आणि सेवेने आपण वेगळेच पंढरपूर उभारू, असे बाबासाहेब तिला समजावत. तिची इच्छा मात्र अपुरीच राहिली. वाढीच्या गोष्टी सांगताना अशा अपुऱ्या राहिलेल्या इच्छा झाकू नयेत, असे आम्हाला मनापासून वाटते.

रमाबाईंच्या त्यागाची आरती करून थांबणे त्यांच्यावर अन्याय करणारे होईल. ज्यांनी तो त्याग जवळून पाहिला, त्या बाबासाहेबांनी पुढच्या मुलींना तसाच त्याग करायला सांगितले नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या महिला परिषदेत त्यांनी सांगितले की, लग्न होणाऱ्या प्रत्येक मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभे राहावे, दासी होण्यास नकार द्यावा. एका पिढीने भोगलेले दुसरीला भोगावे लागू नये, यासाठी जो धडपडतो, त्याला दुःखाने काहीतरी शिकवले असे म्हणता येते.

लढ्यात जुळलेल्या मैत्रीला आम्ही एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. महाडला अनंत चित्रे आणि सुरबानाना टिपणीस ही वरच्या मानल्या गेलेल्या जातींतली माणसे बाबासाहेबांच्या बाजूने उभी राहिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, आणि ते जन्माने ब्राह्मण होते. नाशिकचे भाऊराव गायकवाड, ज्यांना महाराष्ट्र दादासाहेब म्हणून ओळखतो, ते काळाराम सत्याग्रहात पुढे आले आणि त्यांची व बाबासाहेबांची साथ पुढे दशकानुदशके टिकली. भूमिहीनांसाठी १९५९ आणि १९६४ मध्ये झालेल्या सत्याग्रहांचे नेतृत्व दादासाहेबांनी केले, त्याची तालीम नाशिकच्या दरवाजांवर झाली होती. नाशिकच्याच शांताबाई दाणी याच परंपरेत वाढल्या आणि 'रात्रंदिन आम्हा' हे आत्मकथन लिहून ते दिवस त्यांनी पुढच्यांच्या हाती दिले. सुखात जमलेली ओळख आणि एकत्र मार खाताना जमलेली ओळख यांत फरक असतो. दुसऱ्या प्रकारच्या ओळखीत माणसाला पारखायची गरज उरत नाही.

या विषयाची काळी बाजू लपवली तर हे पुस्तक खोटे ठरेल. दुःख भोगलेला माणूस दयाळू होतोच असे नाही. पुष्कळदा तो आपले दुःख आपल्याहून दुबळ्या माणसाच्या अंगावर काढतो. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये हे इतक्या धीटपणे लिहिले आहे की वाचताना धक्का बसतो. गावाने तुडवलेल्या वस्तीत, त्या वस्तीतल्या पुरुषांनी तुडवलेल्या बाया आहेत, आणि सासूच्या जाचाखाली चिरडलेल्या कोवळ्या सुना आहेत. सून म्हणून जिने जाच सोसला, तीच पुढे सासू होऊन जाच करते. स्वतः बेबीताईंनी आपले हे लिखाण घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले होते. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे जे विश्लेषण केले, त्यातही हेच आहे. उतरंडीत प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी सापडतो, म्हणून अपमानाचा राग वर जाण्याऐवजी खाली झिरपतो. आपल्या घरांतही तेच घडते. साहेबाकडून ऐकून आलेला बाप मुलावर खेकसतो, मूल धाकट्या भावंडाला चापट मारते. ही साखळी एखाद्याने आपल्यापाशी तोडली, तर जगाला त्याचा पत्ता लागत नाही. पण वाढ म्हणतात ती हीच.

मानसशास्त्रानेही या प्रश्नावर काम केले आहे. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट इथल्या शाखेतील रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी १९९० च्या दशकात मोठ्या आघातांतून गेलेल्या माणसांचा अभ्यास करून आघातोत्तर वाढीची कल्पना मांडली. काही माणसांना आघातानंतर नाती अधिक जवळची वाटू लागतात, नव्या वाटा दिसतात, आपल्यातले बळ उमगते, जगण्याची किंमत कळते, श्रद्धा किंवा जीवनदृष्टी बदलते, असे त्यांना दिसले. पण दोन गोष्टी त्यांनी आग्रहाने सांगितल्या. वाढ आघाताने होत नाही, आघातानंतर माणूस जी झुंज देतो तिच्यातून होते. आणि वाढ झाली म्हणून दुःख कमी होत नाही, दोन्ही एकाच मनात शेजारी राहू शकतात. नाझी छळछावणीतून वाचलेले व्हिक्टर फ्रांकल यांनी यातनेतही अर्थ सापडू शकतो असे सांगितले खरे, पण जी यातना टाळता येते ती टाळणेच अर्थपूर्ण आहे, असेही त्यांनी स्पष्ट लिहिले. त्यांची पहिली गोष्ट जगभर पसरली. दुसरी तितकी कुणी सांगत नाही.

येवल्यापासून नागपूरपर्यंत २१ वर्षे लागली. १३ ऑक्टोबर १९३५ ची घोषणा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बौद्ध धम्माच्या दीक्षेने पूर्ण झाली. मधल्या काळात 'मुक्ती कोन पथे?' हे १९३६ चे मुंबईतले भाषण झाले, अनेक धर्मांचा अभ्यास झाला, संविधान घडले. निर्णय एका दिवसात जाहीर झाला, पण त्याला साजेसे आयुष्य उभे करायला दोन दशके द्यावी लागली. दुःखातून लवकर बाहेर पडण्याची घाई झालेल्या आजच्या काळाला हे ऐकवण्याची गरज आहे.

या २१ वर्षांच्या शेवटी लिहिलेल्या आणि १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तर बाबासाहेब दुःखाच्या प्रश्नालाच भिडतात. प्रास्ताविकात ते विचारतात की, जन्मही दुःख, मरणही दुःख असेच सगळे असेल, तर माणसाने आशा कशाची करायची? सिद्धार्थाच्या गृहत्यागाची परंपरेने सांगितलेली कथा, म्हणजे म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून वैराग्य आल्याची कथा, ते मान्य करत नाहीत. त्यांच्या मांडणीत शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून पेटलेला तंटा आहे, आणि युद्धाला विरोध केल्यामुळे सिद्धार्थावर आलेले निर्वासन आहे. ज्याने तळ्याच्या पाण्यासाठी समाजाला उभे केले, त्याला बुद्धाच्या आयुष्यात पाण्याचाच तंटा महत्त्वाचा वाटला, याचे नवल वाटत नाही. माणसाने माणसाला दिलेले दुःख ओळखणे आणि ते दूर करणे, हे धम्माचे काम असल्याचे ते सांगतात. दुःखाला भाग्याचा किंवा पूर्वजन्मीच्या कर्माचा भोग मानून डोके टेकण्याला इथे जागा नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात दुःखाचे कारण ओळखण्याचा विचार आहे, कारण निसर्गाने दिलेले आणि माणसाने दिलेले दुःख एकाच मापाने मोजता येत नाही. दुसऱ्या भागात सोबत आहे: जोडीदार, भावंडे, मित्र, शेजारी. तिसऱ्या भागात दुःख खाली झिरपवण्याची सवय आणि ती तोडण्याचे प्रयत्न आहेत. चौथ्या भागात सोडून देण्याचा आणि नव्याने उभारण्याचा विचार आहे. येवल्याचा धागा चारही भागांत आहे, पण हे पुस्तक केवळ इतिहासाच्या अभ्यासकांसाठी नाही. पावसाने दगा दिलेल्या शेतकऱ्याच्या घरासाठी, मागावरच्या कामाला योग्य दाम न मिळालेल्या विणकराच्या घरासाठी, आजारी माणसाची शुश्रूषा करून थकलेल्या बाईसाठीही ते आहे.

वाचकांकडून आमची एक अपेक्षा आहे आणि ती पुस्तकापुरती नाही. पुढच्या वेळी दुःखातल्या माणसाजवळ जाल, तेव्हा यातून तू मोठा होशील, हे वाक्य त्याला ऐकवू नका. तो मोठा होईल की नाही, हे त्याचे त्याला ठरवू द्या. हे दुःख कुठून आले, ते थांबवण्यासाठी काही करता येईल का, आणि त्यात मी कोणता भार उचलू, हे त्याला विचारा. आणि दुःख देणारे आपणच असलो, तर समोरच्याच्या सोशिकतेचे कौतुक न करता देणे थांबवा. येवल्यात जमलेल्या दहा हजार माणसांनी आपल्या लेकरांसाठी एवढेच मागितले होते: त्यांना मोठे होण्यासाठी अपमान सोसावा लागू नये.